आढीतली डायल

१

आमच्या घरात मे महिन्यात दोन गोष्टी पिकतात, हापूस आणि घड्याळं. हे ऐकून मुंबईची गिऱ्हाइकं फोनवर आधी फिदीफिदी हसतात आणि मग हळूच म्हणतात, "फोटो पाठवा ना मॅडम." हसा बापडे! मी मालन. रत्नागिरीत राम आळीत आमचं घड्याळाचं दुकान आहे. माझे यजमान हरिश्चंद्र मशीन बघतात आणि मी डायली रंगवते. ते घड्याळाचं पोट सांभाळतात, मी तोंड, अशी आमची सत्तावीस वर्षांची वाटणी आहे.

हल्ली लोकांचं काय झालंय कोण जाणे. घड्याळ नवं घ्यायचं आणि ते आजोबांचं वाटायला हवं! अंधारात चमकणारे ठिपके पांढरेशुभ्र नकोत, सायीसारखे पिवळट हवेत. त्या ठिपक्यांना सगळी रत्नागिरी अजून रेडियमच म्हणते. खरं रेडियम आता कुणी वापरत नाही, विषारी असतं ते. आता एक पावडर येते. ती उजेड पिते आणि अंधारात घटकाभर चमकते, बस्स. तिच्यात मी वार्निश घालते, जांभ्या दगडाची वस्त्रगाळ भुकटी घालते आणि कोऱ्या चहाचे दोन थेंब. भुकटी जितकी जास्त, तितका ठिपका म्हातारा दिसतो, पण तितकीच चमक कमी होते. दोन्ही एकदम मिळत नाही, हे गिऱ्हाइकाला समजावताना माझा घसा बसतो.

मग आढी. मागच्या खोलीत भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर कच्चे हापूस लावायचे, वर पुन्हा पेंढा आणि खिडकी बंद. आत जी ऊब धरते ती कुठल्या भट्टीत नाही. बारीक भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डबीत डायल ठेवून ती मी आंब्यांच्या मधोमध सरकवते. आठ दिवसांत डायलवर चाळीस वर्षं चढतात. मागच्या बाजूला मी सुईने 'म' आणि साल कोरते, म्हणजे कुणी ती खरी जुनी म्हणून खपवायला नको. फसवाफसवी मला मुळीच खपत नाही.

२

यंदा मे महिन्यात आमच्या ऋतिकाचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी, त्यात मुलगा असा गुणी मिळालेला, माझे पाय जमिनीवर टेकत नव्हते. जावई सर्वेश मंडणगड तालुक्यातला, बोटीवर ऑफिसर. सहा महिने समुद्रावर, तीन महिने घरी. बोलायला इतका गोड की साखरपुड्यात आमच्या सगळ्या जावा त्याच्याभोवतीच बसल्या होत्या.

एकदा मी विचारलं, "सर्वेश, तुला काय हवं रे आमच्याकडून?"

"काही नको काकू. फक्त एक घड्याळ द्या, आमच्या आजोबांच्या हातात होतं तसं."

त्याचे आजोबा, काशीराम, तेही पूर्वी बोटीवरच होते, आता घरी असतात. त्यांचं घड्याळ कधीच खाडीत पडलं, मागे उरला होता एक फोटो. त्यात डेकवर उभे, दात काढून हसतायत, आणि मनगटावर ते घड्याळ. मी फोटो मोठा करून घेतला. काळी डायल, बारा ठिपके, आकडे जाडसर. आयग्लास डोळ्याला लावून तीन दिवस बसले आणि हुबेहूब रंगवली. नुसती डायल हं, काटे आणि मशीन नंतर बसायचे होते. मागे 'म' कोरला, डबीत घातली आणि डबी आढीत.

आठव्या दिवशी काढायची होती. पण लग्नघर ते! रोज कुणाकडे तरी केळवण, आज भाट्याला मावशीकडे, उद्या आणखी कुणाकडे. साड्या, पत्रिका, हॉलवाल्याची कटकट. आंबे परतायला मात्र मी रोज जायची. दहाव्या का अकराव्या दिवशी आंबे परतताना मला पेंढ्यातून टिकटिक ऐकू आली. अगदी बारीक, एकसारखी. मी थांबले. डबीत नुसती पत्र्याची चकती, तिला टिकटिक कुठून येणार? भिंतीवर पाल असेल म्हटलं. पाल काही दिसली नाही, पण तेवढ्यात शिंप्याचा फोन आला आणि मी गेले.

चौदाव्या दिवशी डबीची आठवण झाली. कपाळावर हात मारून घेतला. खोलीत गेले तर वासाने जीव हरखून जावा असे आंबे पिकलेले, आणि टिकटिक नाही. पेंढ्याला कान लावून ऐकलं. काहीही नाही.

३

डबी उघडली आणि पहिल्यांदा मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. अशी डायल माझ्या हातून कधी झाली नव्हती. ठिपके मधासारखे, काळा रंग कडेने चॉकलेटी झालेला. चारच्या आकड्यापाशी पाण्याचा एक वाकडातिकडा डाग. तो मी काढलेला नव्हता, पण दमटपणाने पडतो असा.

मग मी ती खिडकीपाशी नेली आणि तिरकी धरली.

डायलवर काट्यांची सावली होती.

हे जरा सांगायला हवं. खऱ्या रेडियमच्या काळात काट्यांनाही रेडियम भरलेलं असायचं. घड्याळ बंद पडून वर्षानुवर्षं तसंच राहिलं, की काट्यांच्या खालची डायल भाजायची. काटे काढले तरी त्यांचा डाग मागे राहायचा. जुन्या डायलवर तो दिसला की मी सांगू शकते, हे घड्याळ किती वाजता थांबलं आणि मग कुणी त्याला चावी दिली नाही. पण माझ्या पावडरीने काही भाजत नाही. आणि ह्या डायलवर काटे बसलेच नव्हते!

मी दोन सुटे काटे घेतले आणि चिमट्याने त्या डागांवर ठेवून बघितले. तंतोतंत बसले. बारा वाजून एकेचाळीस मिनिटं.

मागे 'म' होता, साल होतं. डायल माझीच होती.

४

"अहो, जरा बघा हो," मी ह्यांच्या हातात डायल दिली.

ह्यांनी आयग्लास लावला आणि ओरडलेच, "काय पिकलीय गो! आजवरची एक नंबर!"

"ते पट्टे बघा. काट्यांची सावली आहे ती."

"पेंढ्याची काडी पडली असेल."

"डबीत?"

"भोकातून गेली असेल. मालन, तू दमलीयेस. लग्नघरात आईला सगळीकडे काट्यांच्याच सावल्या दिसतात."

काडीचं मलाही पटवून घ्यायचं होतं. म्हणून मी त्याच डबीत, त्याच पेंढ्यात दुसरी एक डायल तीन दिवस ठेवून बघितली. ती गरीब गाईसारखी चहाच्या रंगाची होऊन बाहेर आली. सावली नाही, डाग नाही. मग भर दुपारी पहिली डायल घेऊन मी जिन्याखालच्या कोठीत शिरले आणि दार लावून घेतलं. इतकी म्हातारी डायल चमकायलाच नको. पण बाराही ठिपके असे लखलखले की मला माझ्या बोटांवरच्या रेषा दिसल्या. जेवून, भांडी आवरून पुन्हा जाऊन पाहिलं, तरी तसेच. आणि त्या उजेडात ते दोन पट्टे काळेभोर दिसत होते, बारा एकेचाळीस.

आता मला भीती का वाटली ते सांगते. सावली आणि डाग दोन्ही असलेली अशी डायल मी पूर्वी एकदाच पाहिली आहे. चिमा नावाची एक बाई दुकानात आली होती. तिचा नवरा बोटीवरून समुद्रात पडला होता आणि कंपनीने त्याच्या सामानाबरोबर मनगटावरचं घड्याळ पाठवून दिलं होतं. वीस वर्षं तिने ते डब्यात ठेवलं. उघडलं तर आत चारपाशी पाण्याचा डाग आणि डायलवर काट्यांची सावली. तेव्हा ऋतिका पाळण्यात होती. चिमाने विचारलं होतं, "किती वाजता थांबलं ते सांगा फक्त." मी सांगितलं, आणि ती बाई दुकानाच्या पायरीवर बसून राहिली होती.

आणि माझा जावई बोटीवरचा. हापूस बाहेरून कितीही देखणा असला तरी आत साका, पांढरट खराब गर, निघेल की काय ही धास्ती असते ना, तसं मला त्या पोराच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघून व्हायला लागलं. काय वेडेपणा! पण व्हायला लागलं खरं. माझी पोर पंचवीस वर्षांची, आणि कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर ती बसलेली मला दिसायची.

मी ती डायल टेबलाच्या खालच्या खणात टाकली. रातोरात नाही, चांगले चार दिवस घालवून दुसरी रंगवली, कोरीकरकरीत, ठिपके पांढरेशुभ्र. आढी नाही, चहा नाही, जांभा नाही. ह्यांना म्हटलं, "ही बसवा. सर्वेशला नवंच घड्याळ द्यायचं."

ह्यांनी मान डोलावली. सत्तावीस वर्षांत ह्यांनी मान डोलावली म्हणजे ऐकलं असं कधी झालेलं नाही, हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

५

लग्नाचा मुहूर्त पत्रिकेत सकाळी अकरा अठराचा होता. तेवढं एक मी आधीच बघून ठेवलं होतं. बारा एकेचाळीसला सगळे जेवायला बसलेले असतील, असा हिशोब करून मी गजरा माळला. हॉल काय सजला होता! सनईची सीडी, अत्तर, पोरींच्या फुगड्या. आमची ऋतिका हिरव्या चुड्यात अशी दिसत होती की माझीच दृष्ट लागेल म्हणून मी तिच्याकडे नीट बघितलं नाही.

साडेदहाला फोन आला. वऱ्हाडाची बस हातखंब्याला अडकलीय. पुढे ट्रक आडवा झालाय, ड्रायव्हरला काही लागलं नाही, पण रस्ता बंद.

"येतील गो," ऋतिका मलाच समजावत होती, "सर्वेशने सांगितलंय, वेळ पडली तर पळत येईन."

अकरा चाळीसला वऱ्हाड आलं, घामाघूम आणि तरी नाचत. ऐंशी वर्षांचे काशीराम आजोबाही दोन्ही हात वर करून नाचत होते. मी ताट घेऊन दारात उभी. सर्वेशचे पाय धुतले, ओवाळलं. आणि ह्यांनी माझ्या ताटात मखमली डबी ठेवली.

"उघड. सासूने द्यायचं असतं."

मी उघडली. मधासारखे ठिपके, चॉकलेटी कड. त्यावर नवे काटे टिकटिक करत फिरत होते.

"अहो, ही कुठली बसवलीत?" मी दातओठ खात विचारलं.

"खणात सापडली. त्या पांढऱ्या भुतापेक्षा हीच छान! पोराने मागितली होती तशीच आहे."

काशीराम आजोबांनी वाकून पाहिलं आणि त्यांचे डोळेच भरले. "हेच रे, हेच माझं घड्याळ! कुठून आणलंत तुम्ही हे?" एवढं म्हणून त्यांनी ते स्वतःच्या हातांनी नातवाच्या मनगटावर बांधलंही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चारचौघांत, ओवाळण्याच्या ताटासमोर, मी ते काढ म्हणून सांगणार कशी?

मी गुरुजींकडे धावले. "गुरुजी, लगेच उरकून घ्या."

गुरुजींनी पंचांग उघडलं, चष्मा वर केला, बोटांवर काहीतरी मोजलं. "लगेच कसं? अकरा अठराचा गेला. आता पुढचा आहे तो," ते म्हणाले, "बारा एकेचाळीस."

६

माझ्या हातातलं ताट शेजारणीने धरलं म्हणून वाचलं.

"गुरुजी, बारा पन्नास नाही का चालणार?"

"बाई, ही काय एस्टी आहे मागे-पुढे करायला?"

सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार! सर्वेशपाशी गेले. "बाळा, ते घड्याळ दे बघू जरा. चावी नीट बसली नाहीय त्याची."

"बसलीय की काकू. ऐका!" त्याने मनगट माझ्या कानाला लावलं. पेंढ्यातून आली होती तीच टिकटिक. तीच, शपथेवर सांगते. मी त्याचं मनगट दोन्ही हातांत धरून ठेवलं. गरम होतं, नाडी उडत होती. तो म्हणाला, "काकू, रडू नका हो, तुमची लेक मी नीट सांभाळेन." त्याला वाटलं मी त्यासाठी रडतेय.

आमच्यात मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईने मांडवात थांबायचं नसतं. तुळशीपाशी जाऊन बसायचं. बारा पस्तीसला जावेने मला मागच्या दाराशी तुळशीजवळ पाट मांडून दिला. बसले. हात जोडले. आतून पहिलं मंगलाष्टक ऐकू आलं, दुसरं आलं. घड्याळजीची बायको मी, घड्याळ न बघता मला मिनिटं कळतात. तिसऱ्याला उठले आणि पदर खोचून सरळ आत.

"मालन, अगो काय करतेस, शोभतं का!" जाऊ मागून ओरडली.

ऋतिकाच्या मागे तिचा मामा, माझा भाऊ, उभा होता. त्याला मी कोपराने बाजूला केलं आणि माझा उजवा हात तिच्या खांद्यावर घट्ट ठेवला. काय व्हायचं असेल ते माझ्यासमोर होऊ दे म्हटलं.

ती मान न वळवता कुजबुजली, "आई, तू? तुला चालत नाही ना?"

"गप. समोर बघ."

७

शेवटचं मंगलाष्टक. पलीकडे सर्वेश हार घेऊन, मध्ये अंतरपाट. 'सावधान' म्हणून गुरुजींनी अंतरपाट खाली ओढला, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, आणि लाईट गेली.

मे महिन्यात रत्नागिरीत लाईट गेली तर कुणी दचकत नाही. पण डेकोरेटरने खिडक्यांना वरपासून खालपर्यंत जाड पडदे लावले होते, त्यामुळे हॉलमध्ये मिट्ट काळोख झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, "नवरदेव, हार भलत्याच गळ्यात घालू नका!" हशा उसळला. गुरुजी पाठ होतं ते म्हणतच होते.

त्या काळोखात एकच उजेड होता, सर्वेशच्या मनगटावर. इतका वेळ फोटोवाल्याचे दिवे त्याच्यावर होते, तेवढा उजेड डायलने प्यायला असेल, मला मान्य आहे. पण माझ्या पावडरीला एवढा उजेड नसतो. त्या हिरवट उजेडात हार धरलेला हात पुढे आला.

तो म्हाताऱ्या माणसाचा हात होता. कातडी सुरकुतलेली, वर तपकिरी डाग, शिरा फुगलेल्या. मनगट बारीक झालेलं, पट्टा सैल. बोटं किंचित थरथरत होती, पण हार घट्ट धरलेला.

आणि त्या हाताला धरायला समोरून दुसरा हात गेला. ऋतिकाचा. तिच्या अंगठ्याजवळ लहानपणी विळी लागल्याची खूण आहे, ती मी ओळखली. बाकी तो हात माझ्या आजीचा असावा तसा होता. मेंदी नाही, चुडा नाही, दोन सोन्याच्या बांगड्या कोपराकडे घसरलेल्या. त्या दोन म्हाताऱ्या हातांनी एकमेकांना असं धरलं, जसं रोज सकाळी उठून धरत असतील.

मी ऋतिकाच्या खांद्याकडे पाहिलं. माझ्या तळव्याखाली मला तिचा खांदा लागत होता, शालूची जर टोचत होती, तिचा श्वास कळत होता. पण त्या उजेडात तिच्या खांद्यावर माझा हात नव्हता. नुसता खांदा दिसत होता, वाकलेला, आणि त्यावर पांढऱ्या केसांची वेणी.

जनरेटर धडधडला आणि लाईट आली.

समोर माझा सत्तावीस वर्षांचा जावई उभा होता, घामेजलेला, हसत, आणि हार बरोबर माझ्या लेकीच्याच गळ्यात पडला होता. टाळ्या, वाजंत्री, अक्षता. सर्वेशने मनगटाकडे पाहिलं आणि ओरडला, "अरे, थांबलं! बारा एकेचाळीसलाच थांबलं!"

"आण इकडे, आत्ता चालू करतो," हे म्हणाले. ह्यांचा चेहरा पडला होता. "सकाळी मी स्वतः चावी दिली होती."

"नको बाबा, नाही देणार मी," सर्वेशने दुसऱ्या हाताने घड्याळ झाकून घेतलं. "मुहूर्तावर थांबलंय. आता हे कुणी उघडायचं नाही. मी म्हातारा होईपर्यंत असंच घालणार." आणि त्याने पहिल्यांदाच ह्यांना बाबा म्हटलं, म्हणून हे घड्याळ विसरूनच गेले.

काट्यांची ती सावली कशाची ते कळलं, पण पाण्याच्या त्या डागाचं मला कोडं आहेच. समुद्र कधीतरी त्या घड्याळात शिरेल, हे मी जाणते. पण तो हात मी पाहिलाय. माझी पोर कुणाच्या पायरीवर बसणार नाही. मी नसेन तेव्हा. आईने आधी जायचं असतं, तसंच होणार आहे, आणि मला इतका आनंद झाला की मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, हुंदके देत हसायला लागले. भावाने मला धरलं. जावा म्हणाल्या, उगीच आली आत, नियम मोडला की असं होतं.

हात मात्र माझा अजून ऋतिकाच्या खांद्यावर होता. लाईटमध्ये तो नीट दिसत होता, नखांत जांभ्याची तांबडी माती, पन्नाशी उलटलेला, जिवंत. गुरुजी सप्तपदीसाठी खोळंबले होते.

"बाई, आता सोडा तिला," ते हसत म्हणाले.

"सोडते हो," मी म्हटलं, "वायच थांबा."